सुट्टी पन्नास दिवसांची, बेत बहात्तर दिवसांचे

पत्राचा सारांश: पुण्यातल्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या वाचकाचं हे पत्र. परीक्षा ३० मेला, शनिवारी संपते. शेवटच्या वर्षाचे वर्ग २० जुलैला, सोमवारी सुरू होतात. चाकणच्या एका कारखान्यात आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळते आहे, स्टायपेंड महिना आठ हजार. कॉलेजला किमान चार आठवडे हवेत, त्याला चार क्रेडिट आहेत. इकडे हॉस्टेलवरच्या चार मित्रांनी २० जूनपासून सोळा दिवस हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात जायचं ठरवलंय आणि हा पाचवा. साताऱ्याजवळ छोटं दुकान चालवणारे वडील म्हणतात, ‘फिरायला आयुष्य पडलंय.’ मित्र म्हणतात, ‘नोकरी लागली की संपलं सगळं.’ वाचक विचारतो: सुट्टी मागितली तर ऑफर हातची जाईल का? न बोलता रुजू व्हावं आणि मध्येच आजारपण सांगून दहा-बारा दिवस गायब व्हावं का? की स्पितीचा नाद सोडावा? सही ‘अडकित्त्यातला’ अशी आहे.

प्रिय अडकित्त्यातल्या,

चाकण की स्पिती हे ठरवायच्या आधी एक बेरीज कर. ३१ मे ते १९ जुलै मोज. पन्नास दिवस भरतात. आठ आठवड्यांचे छप्पन्न होतात. म्हणजे तू स्पितीचं नावही काढलं नसतंस तरी ही इंटर्नशिप तुझ्या सुट्टीत मावत नव्हती, सहा दिवस बाहेरच राहत होते. त्यावर मित्रांचे सोळा चढवले की बहात्तर होतात. पन्नासात बहात्तर कोंबायला गेलास म्हणून अडकित्ता आवळतोय, त्यात वडिलांचा किंवा मित्रांचा दोष थोडाच आहे.

याचा एक फायदा आहे. कंपनीशी तारखांबद्दल बोलणं तुला चुकणारच नव्हतं. त्यामुळे ‘सुट्टी मागितली तर काय म्हणतील’ ही भीती बाजूला ठेव. अजून तू रुजू झालेला नाहीस, तेव्हा सुट्टी मागण्याचा प्रश्नच नाही. तू कधीपासून कधीपर्यंत येऊ शकतोस एवढंच सांगायचं आहे. ऑफर हातात आल्यावर आणि होकार कळवण्याच्या आधी हे विचारलं, तर ते नेहमीचं बोलणं असतं. रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात विचारलं की तीच गोष्ट ‘पोराला कामात रस नाही’ अशी दिसते.

आठ आठवडे हा आकडा कुठून आला तेही बघ. पुष्कळदा एचआरच्या ठरलेल्या नमुन्यात तो छापलेलाच असतो. कॉलेजचं म्हणशील तर एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या इंटर्नशिप धोरणात एक क्रेडिट म्हणजे ४० ते ४५ तासांचं काम धरलं आहे. चार क्रेडिटना १६० ते १८० तास होतात. कारखान्यात आठवड्याचे सहा दिवस आणि रोजचे आठ तास धरले, तर पाच आठवड्यांत २४० तास भरतात. कॉलेजची गरज पुरी होऊन वर शिल्लक राहते. तरी तुझ्या विभागातल्या इंटर्नशिप समन्वयकांकडून किमान आठवडे आणि किमान तास दोन्ही लेखी घे. काही ठिकाणी तास भरले तरी आठवडे कमी म्हणून सर्टिफिकेट परत पाठवतात.

आता मित्रांच्या तारखांकडे वळू, कारण माझ्या मते या पत्रातला सगळ्यांत कच्चा दुवा तिथे आहे. २० जून ते ५ जुलै. हिमाचलात मोसमी पाऊस साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोचतो. स्पिती स्वतः पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस बेताचाच पडतो. पण स्पितीला जायचे दोन्ही रस्ते पावसाच्या पट्ट्यातूनच जातात: एक शिमला-किन्नौरचा, दुसरा कुलू-मनालीचा. दरड कोसळते ती या रस्त्यांवर. २०२१च्या जुलैत सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ डोंगरावरून आलेल्या दगडांखाली पर्यटकांच्या गाडीतले नऊ जण गेले. २०२३च्या जुलैत स्पितीतल्या चंद्रताल तलावाशी जवळपास तीनशे पर्यटक अडकले होते, त्यांना काढायला काही दिवस लागले. माझा हेतू घाबरवण्याचा नाही. पण ज्याला ठरल्या तारखेला कामावर हजर व्हायचं आहे, त्याने बंद पडणाऱ्या रस्त्याच्या भरवशावर परतीचं तिकीट काढू नये, एवढं नक्की.

म्हणून माझा कौल असा: सहल आधी, काम नंतर. ३१ मेला निघायचं, १३ जूनला परत. १५ जूनच्या सोमवारी चाकणला रुजू व्हायचं आणि १८ जुलैच्या शनिवारपर्यंत सलग पाच आठवडे काम करायचं. तुम्ही पाचही जण एकाच कॉलेजातले असाल तर परीक्षाही एकदमच संपेल. मग त्यांनी २० जून का धरला, हे एकदा विचारून बघ. घरी जाऊन आंबे खायचे असतील, नाहीतर कोणीतरी सहज तारीख सुचवली आणि बाकीच्यांनी अंगठा दाखवला असेल. अशा बेतांतल्या तारखा वाटतात तेवढ्या पक्क्या नसतात.

उलटा क्रम, म्हणजे १ जूनपासून काम आणि जुलैत सहल, कागदावर तितकाच नीट बसतो. पण तेव्हा ऐन पावसात हिमाचल गाठावं लागेल, म्हणून स्पितीसाठी तो बाद. काम आधीच करायचं असेल तर जुलैसाठी ठिकाण बदला: हंपी-बदामी पाच-सहा दिवसांत आरामात होतं, खर्चही निम्म्याहून कमी. सहल मध्ये आणि काम दोन्ही बाजूंना, हा तिसरा पर्याय सगळ्यांत वाईट. तो का वाईट हे कळायला कारखान्यातले पाच आठवडे आतून कसे दिसतात ते पाहावं लागेल.

पहिला आठवडा अर्धा कागदपत्रांत जातो. कॉलेजचं पत्र, आधार, विम्याचा कागद, फोटो, गेटपास. सेफ्टी इंडक्शन बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून ठरलेल्या वारीच असतं आणि ते झाल्याशिवाय शॉपफ्लोअरवर, म्हणजे मशीन चालतात त्या जागेत, पाऊल ठेवू देत नाहीत. बुधवारी रुजू झालास तर पुढच्या इंडक्शनपर्यंत कॅन्टीनमध्ये बसून राहायची वेळ येते. म्हणून सोमवार. त्या आठवड्यात लाइन बघायची, कोणतं मशीन काय करतं ते ऑपरेटरला विचारायचं, आणि सुपरवायझरला दिवसातून दोनदा तरी दिसायचं. दुसरा-तिसरा आठवडा मोजणीचा. समज, तुला प्रेसवरच्या डाय (साचे) बदलण्याचा वेळ कमी करण्याचं काम मिळालं. तर निदान वीस-पंचवीस वेळा डाय बदलताना घड्याळ लावून उभं राहावं लागतं. तेही एकाच शिफ्टला नाही, कारण रात्रपाळीतला माणूस स्पॅनर आधीच काढून ठेवतो आणि सकाळचा शोधत बसतो, की नेमका उलटा प्रकार आहे, हे बघितल्याशिवाय कळत नाही. चौथ्या आठवड्यात एक बदल करून पाहायचा: ट्रॉली जवळ आणायची, बोल्टांची लांबी सारखी करायची, पुढची डाय मशीन चालू असतानाच आणून ठेवायची. पाचव्यात पुन्हा मोजायचं आणि लिहायचं.

आता या मधल्या दोन आठवड्यांतून दहा दिवस काढून टाक. मोजणी अर्धी राहते. परत येईस्तोवर ती डाय दुसऱ्या प्रेसवर गेलेली असते, ऑपरेटर बदललेला असतो, आणि ज्या इंजिनिअरने तुला वेळ दिला होता तो ऑडिटमध्ये अडकलेला असतो. हाती राहतो तो ‘कंपनीची ओळख’, ‘संघटनात्मक रचना’ आणि इंटरनेटवरून उचललेल्या आकृत्या असलेला चाळीस पानी अहवाल. मुलाखतीत दोन प्रश्नांतच तो उघडा पडतो.

आजारपणाच्या थापेचं उत्तर इथेच मिळतं. नैतिकतेचं व्याख्यान देत नाही, व्यवहार बघ. कॉलेजच्या लॉगबुकवर दर आठवड्याला सुपरवायझरची सही लागते. ती दोन आठवडे कशी आणणार? दहा दिवसांच्या आजारपणानंतर कामावर घेताना फिटनेस सर्टिफिकेट मागणारे कारखाने आहेत. आणि चार मित्रांपैकी एकजण तरी तुला टॅग करून स्पितीतल्या काझाचा फोटो टाकणार, हे तुलाही ठाऊक आहे. गमावण्यासारखं काय आहे म्हणशील तर आठ हजार नव्हेत. उद्या कुठे नोकरीला अर्ज केलास आणि तिथून फोन आला, तर तुझ्याबद्दल एक बरं वाक्य बोलेल असा माणूस गमावशील.

कंपनीला मेल कसा लिहायचा? इंटर्न नेमायचं काम एचआर करतं, पण तू कोणत्या खात्यात बसणार हे ठरवणारा वेगळा असतो. शक्य असेल तर त्या खात्याच्या इंजिनिअरला मेल कर आणि एचआरला प्रत दे. मजकूर साधारण असा असू दे:

‘माझी परीक्षा ३० मेला संपते आणि शेवटच्या वर्षाचे वर्ग २० जुलैला सुरू होतात, त्यामुळे सलग आठ आठवडे येणं जमणार नाही. मी १५ जून ते १८ जुलै असे पाच आठवडे, साप्ताहिक सुट्टी सोडून रोज पूर्ण शिफ्ट येऊ शकतो. अहवाल आणि सादरीकरणासाठी ऑगस्टमधले दोन शनिवार येईन. पाच आठवड्यांत पुरा होईल असा एखाद्या मशीनपुरता विषय मिळाला, तर त्याची तयारी करूनच रुजू होईन.’

‘१ जूनपासून का नाही?’ असं विचारलं तर एका वाक्यात सांग: आधी ठरलेला प्रवास आहे, १३ जूनला परत येतोय. त्यापुढे खुलासा नको. मावसबहिणीचं लग्न तर लावूच नकोस, पहिल्याच दिवशी जेवताना कोणीतरी ‘लग्न कसं झालं’ विचारतं. दोन-तीन दिवस उत्तर आलं नाही तर फोन कर. मार्चअखेरीस असल्या मेलांना उत्तर द्यायला कोणाला फुरसत नसते, त्याचा अर्थ नकार असा नाही.

आणि ते अडूनच बसले, १ जूनलाच या म्हणाले, तर? एक प्रश्न विचार: ‘मला साधारण कोणतं काम असेल?’ नेमकं उत्तर मिळालं, अमुक लाइनवर रिजेक्शन (नापास माल) वाढलंय ते बघायचं आहे वगैरे, तर स्पिती सोड आणि जा. असं काम मिळणं दुर्मीळ आहे, त्यापुढे डोंगर थांबेल. ‘बघू, आल्यावर सांगतो’ असं उत्तर आलं तर ते आठ आठवडे एवढे मोलाचे नाहीत. भोसरीत वीस-तीस माणसांची वर्कशॉपं आहेत. मालकाला प्रत्यक्ष भेटलास तर चार-पाच आठवड्यांसाठी घेणारे सापडतात. स्टायपेंड कदाचित शून्य, पण पहिल्या आठवड्यात हातात व्हर्निअर (बारीक मोजमापाचं साधन) येतं. उलट तुझ्याकडूनच पैसे घेऊन सर्टिफिकेट देणाऱ्या ‘इंटर्नशिप’च्या वाटेला जाऊ नकोस. तिथे तारखांची काहीच अडचण येत नाही, आणि ती का येत नाही हे ओळखण्याइतका तू हुशार आहेस.

आता सहल. चौदा दिवस ऐकायला भरपूर वाटतात, पण पुण्याहून स्पिती म्हणजे त्यातले निम्म्याहून जास्त दिवस रस्त्यावर. ३१ मेच्या संध्याकाळी झेलम एक्सप्रेस धरलीत की अंबाल्याला पोचायला सव्वा दिवसाच्या वर लागतो. २ जूनला शिमला. ३ला हिमाचल परिवहनच्या बसने रेकाँग पिओ, तो रस्ता दिवस खातो, तिथून वर कल्पाला मुक्काम. ४ला कल्पातच थांबायचं. ५ला पिओहून काझाची सकाळची बस धरून ताबोला उतरायचं. ६ला काझा. ७ आणि ८ काझाच्या आसपास: ‘की’ मठ, लांग्झा आणि हिक्किम गावं. ९ला परत पिओ, १०ला शिमला, ११ मुद्दाम मोकळा, १२ला अंबाल्याहून गाडी, १३ला पुणे.

कल्पाला एक दिवस फुकट घालवायचा का, असं मित्र नक्की म्हणतील. फुकट नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. कल्पा २,९६० मीटर, ताबो ३,२८०, काझा ३,६५०. किन्नौरच्या वाटेने हे टप्पे आपसूक बसतात. मनालीहून एका दिवसात काझा गाठायचं म्हणजे दोन हजारांवरून थेट साडेतीन हजारांच्या वर झोपायला जाणं, आणि मध्ये साडेचार हजार मीटरच्या वरची कुंझुम खिंड. ‘तिथे गेल्यावर फूड पॉयझनिंग झालं’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना खरं तर उंची लागलेली असते, कोण जाणे. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू झालं की वर जायचं थांबवायचं. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर त्याच दिवशी खाली उतरायचं, मग बेत काहीही असो. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर हे त्यांना आधी सांगायचं. शिवाय कुंझुम खिंड कधी मेअखेरीस उघडते, कधी जून उजाडतो. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात जाणाऱ्याने मनालीकडून बाहेर पडायचा बेत करूच नये, आल्या वाटेने परत यावं.

दिवस कमी पडले तर स्पिती ‘उरकायची’ नाही. नऊ-दहाच दिवस हाती असले तर किन्नौरच करा: सांगला, चितकुल, कल्पा. डोंगर तेच आणि घाई नाही. हा पर्याय आतापासून खिशात ठेव, कारण ओरल-प्रॅक्टिकलच्या तारखा पुढे सरकणं काही नवीन नाही. परीक्षा चार दिवस लांबली तर कात्री सहलीला लागू दे, १५ जूनला नाही. मित्रांना हे आजच सांगून ठेव, म्हणजे ऐनवेळी रुसवेफुगवे नकोत.

तिकिटांचं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. ३१ मेच्या गाडीसाठी १ एप्रिल. सुट्टीतली उत्तरेकडची गाडी आहे, सकाळी आठला बसायला हवं. आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं असू दे, नाहीतर आरक्षण उघडतं त्या दिवशी आणि तत्काळला तिकीट काढताच येत नाही. एका तिकिटावर सहा जण बसतात, तुम्ही पाच आहात, ते सोयीचं. एकाच्या खात्यावर भिस्त ठेवू नका, दोघांनी दोन फोनवरून प्रयत्न करा. परतीचं तिकीट त्याच धोरणाने, आणि ते कन्फर्म नसेल तर निघूच नका. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागताना आपोआप रद्द होतं, मग अंबाल्याच्या फलाटावर पाच जण आणि पाच सॅक. कॉलेजचा विद्यार्थी सवलतीचा फॉर्म इथे चालत नाही, तो मूळ गावी जाण्यायेण्यासाठी आणि शैक्षणिक सहलींसाठी असतो. दरवर्षी कोणीतरी खिडकीवर तो घेऊन उभा राहतोच.

पैसे. सरकारी बस, होमस्टे, आणि काझात दोन दिवस पाच जणांत मिळून एक गाडी असा हिशेब धरला तर माणशी पंधरा ते वीस हजारांच्या घरात जाईल. पाच आठवड्यांचा स्टायपेंड दहा हजारांच्या आतच. तोही बहुधा महिना भरल्यावर, कधी तर सर्टिफिकेटबरोबर शेवटी मिळतो. सहल आधी ठेवली म्हणजे हे पैसे तुझ्या हातात नसताना खर्च होणार. आणि चाकणला रोज जायचं म्हणजे बस, डबा, सेफ्टी शूज हा खर्च पहिल्याच आठवड्यात.

म्हणून वडिलांचं ‘फिरायला आयुष्य पडलंय’ हे वाक्य पुन्हा ऐक. दुकान चालवणारा माणूस आहे. त्यांच्या वाक्यात तारखा आणि रक्कम दोन्ही न सांगितल्याची काळजी असू शकते. त्यांच्यासमोर ‘जाऊ का’ एवढाच प्रश्न टाकलास तर उत्तर तेच येईल. एका कागदावर चौदा दिवसांचे मुक्काम, एकूण खर्च, त्यातले तुझ्याकडे किती, त्यांच्याकडून किती आणि ते ऑगस्टपर्यंत कसे फेडणार, एवढं लिहून दे. कंपनीचा तारखा मान्य केल्याचा मेल आधी दाखव, मग कागद. वर हे सांग की किन्नौरच्या पुढे फोनचं नेटवर्क मध्येच तुटतं, एखादा दिवस फोन आला नाही तर काळजी करू नका. रोज रात्री फोन करायचं वचन देऊ नकोस, पाळता येणार नाही.

आणि मित्रांचं ‘नोकरी लागली की संपलं’? तेही पुरतं खरं नाही. शेवटच्या वर्षाची परीक्षा संपल्यापासून कंपनी बोलावेपर्यंत पुष्कळांना महिना-दोन महिन्यांचा मोकळा तुकडा मिळतो, या सुट्टीपेक्षा निवांत. तेव्हा ना लॉगबुक असतं, ना क्रेडिट. मात्र तोवर कोणी बंगळूरला गेलेला असेल, कोणी ‘गेट’ परीक्षेच्या तयारीला बसलेला, कोणाचा एक विषय राहिलेला. हे पाच जण पुन्हा एकत्र जमतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून स्वतःला विचार, तुला स्पिती बघायची आहे की या चौघांबरोबर चौदा दिवस राहायचं आहे? स्पितीच बघायची असेल तर पुढच्या वर्षी एकटाही जाशील. चौघं हवे असतील आणि ते २० जूनवर अडून बसले, तर परीक्षा संपल्यावर त्यांना चार दिवस राजगड-तोरण्याला घेऊन जा, मेअखेरीस ऊन असतं एवढंच. मग ते स्पितीला, तू चाकणला. थोडं लागेल मनाला, पण दोस्ती त्याने तुटत नाही.

या सुट्टीचा खरा भार, माझ्या मते, तुझ्या पत्रात आलाच नाही. बऱ्याच कॉलेजांत कॅम्पस, म्हणजे कंपन्यांची भरती, जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतं. पहिली चाळणी ॲप्टिट्यूडची, मग तांत्रिक मुलाखत. ही तयारी सहलीत होणार नाही. झेलममध्ये वरच्या बर्थवर गणितं सोडवू, हे तिकीट काढताना सगळेच म्हणतात. पाच आठवड्यांच्या कामातून रोज एक तास काढायचा तर कंपनीच्या बसमधला वेळ धर, आणि साप्ताहिक सुट्टीचा अर्धा दिवस. चाकण-भोसरीकडच्या बऱ्याच कारखान्यांना ही सुट्टी गुरुवारी असते. उरलेल्या अर्ध्या दिवसात लोहगड करता येतो. रविवारी जिथे पायऱ्यांवर रांग लागते, तिथे गुरुवारी पावसात गर्दी बरीच कमी.

असाच पेच घेऊन लिहिणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. दुसऱ्या वर्षाला असाल आणि कॉलेज इंटर्नशिप मागत नसेल तर ओढूनताणून सर्टिफिकेट गोळा करू नका. ती सुट्टी लांबच्या प्रवासाला सगळ्यांत मोकळी. विज्ञान शाखेतले, तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपसारख्या ठिकाणी निवड झालेले असाल, तर तिथे दोन महिने खरोखरच दोन महिने असतात. तारखा मात्र मार्गदर्शकाशी बोलून पुढेमागे होतात, तेवढं आधी विचारा. ‘रिमोट इंटर्नशिप घेऊन डोंगरातून काम करू’ हा बेत करणाऱ्यांनी वीज गेल्यावर आणि नेटवर्क तुटल्यावर मीटिंगचं काय करणार, याचं उत्तर आधी शोधावं.

तर या आठवड्यात तीन कामं: समन्वयकांकडून किमान तास-आठवडे लेखी घेणं, कंपनीला मेल, मित्रांशी तारखांचं बोलणं. १ एप्रिलच्या आत तिन्हींची उत्तरं हवीत, म्हणजे सकाळी आठला काय काढायचं हे माहीत असेल. आणि सेफ्टी शूज निघायच्या आधीच घेऊन ठेव. पोलादी टोपीचे नवे बूट पहिल्या दिवशी आठ तास उभं राहिल्यावर टाचा सोलून काढतात. परीक्षेच्या दिवसांत रोज तासभर खोलीत घालून फिर, जाड मोज्यांसकट.